शाफ्टला दिलेलं पाणी

३ सप्टेंबर

आणि मला रंगारी म्हणू नकोस हे किती वेळा सांगायचं? आजही दादाने तेच केलं. फोन चालू होता, तिकडे कुणीतरी विचारलं, धाकटा काय करतो. हा म्हणतो, कारखान्यात लोखंडाला रंग देतो. रंग. अरे, मी मशिनच्या पार्टांचं आयुष्य वाढवतो. भट्टीत घालून वरची कातडी कडक करायची, मग टाकीत बुडवून क्रोमचा थर चढवायचा. वर्षभर टिकणारा पार्ट पाच वर्षं टिकतो. हे डॉक्टरचं काम आहे. फक्त माझे पेशंट बोलत नाहीत.

तसा मी अजून हेल्पर आहे. पण ते कागदावर.

५ सप्टेंबर

घरची पिठाची गिरणी बंद पडली. जातं फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, झिजलाय, बेअरिंगमध्ये खुळखुळतो. सगळं घर त्या गिरणीवर चालतं. दादा म्हणाला, लेथवाल्याकडून नवीन करून घेतो. म्हटलं, खबरदार. तोच इकडे कुरिअर कर. असा करून देतो की तुझी नातवंडं त्यावर दळतील. वहिनी मागून म्हणाली, भावजी, नातवंडांचं राहू द्या, शनिवारपर्यंत होईल का? होईल म्हटलं. कुठला शनिवार ते तिने विचारलं नाही.

८ सप्टेंबर

शाफ्ट यायचाय. तोवर प्रॅक्टिस म्हणून खोलीच्या चावीला क्रोम केला. आरशासारखी झाली. संध्याकाळी कुलपात जाईना. खोलीतला लांब्या म्हणाला, चावी जाड झाली, अक्कल तेवढी पातळ राहिली. शेवटी त्यानेच कडी उचकटली. चावीत दोष नाही. कुलूप संकुचित वृत्तीचं आहे.

११ सप्टेंबर

शाफ्ट आला. खाचेत अजून घरचं पीठ. वास घेतला. थोडं डोळ्यात गेलं.

१२ सप्टेंबर

खात्यातल्या मिस्त्रीला विचारावं का? नको. त्याचा तोच पाढा: वरून कडक, आतून नरम. कातडीने झीज सोसायची, आतल्या नरमपणाने धक्का. म्हणजे अर्धंच काम. घरच्या वस्तूत अर्धवटपणा चालणार नाही. दुसऱ्या मालाखाली लपवून भट्टीत सरकवला. एक पाळी पुरते म्हणतात, मी तीन पाळ्या ठेवणार. आरपार कडक.

भट्टीतून भाजलेल्या पिठाचा वास सुटला. सगळ्या खात्याला अवेळी भूक लागली.

१३ सप्टेंबर

लालभडक काढला, तेलात बुडवला. याला पाणी देणं म्हणतात. बुडवायचं तेलात आणि म्हणायचं पाणी दिलं. धंद्याची भाषा आहे, दादाला कळणार नाही.

मिस्त्री नेहमी सांगतो, पाणी दिलं की माल पुन्हा जरा तापवायचा आणि थोडं पाणी उतरवायचं, नाहीतर लोखंडाची काच होते. दिलेलं परत घ्यायचं? आमच्या घराण्यात तशी रीत नाही. आणि लोकांनी माझा पाणउतारा केला असेल, मी कुणाचा केला नाही. घरच्या शाफ्टचा तर नाहीच नाही.

१५ सप्टेंबर

क्रोम. टाकीत दुप्पट वेळ ठेवला. नंतर ग्राइंडिंग करून मापात आणतात म्हणे. घासून काढायचा तर चढवला कशाला? लांब्या म्हणाला, चावी विसरलास का. म्हटलं, ती चावी होती, हा शाफ्ट आहे. माणसाला फरक कळला पाहिजे.

१७ सप्टेंबर

कुरिअर केला. आईचा फोन. गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवर जायला लागलीत. काल आपलं स्वतःचं दळणसुद्धा वहिनी तिकडूनच घेऊन आली, तोंडावर ओढणी घेऊन. मग आई म्हणाली, तू केलंस म्हणजे चांगलंच असेल. जेवलास का?

ठरवलं. उद्यापासून मीही कडक राहायचं. आईचा फोन सोडून.

२१ सप्टेंबर

शाफ्ट पोचला. दादा म्हणतो, बेअरिंगमध्ये जात नाही. म्हटलं, बेअरिंग बदल. म्हणाला, बेअरिंग तेच आहे, शाफ्ट फुगलाय. म्हटलं, हातोडीने बेताने ठोक, घरचीच वस्तू आहे, ऐकेल. फोन चालूच होता. ठोके ऐकू येत होते. मग एक वेगळाच आला, कपबशी पडल्यासारखा. फोनवर वहिनी आली, म्हणाली, भावजी, आता दोन झाले.

तिला म्हटलं, नीट बघा, दोन्ही तुकड्यांवर कुठे झीज दिसते? नाही म्हणाली. मग? झिजणार नाही म्हणालो होतो. मोडणार नाही असं कधी म्हणालो?

२२ सप्टेंबर

तुकड्यांचा फोटो मागवून मिस्त्रीला दाखवला. कौतुक करेल असं वाटलं. तो म्हणाला, काच झाली. मग हळूच विचारलं, भट्टी कुणाची वापरलीस? मी अभिमानाने सांगितलं, आपलीच. आता भट्टी, तेल, क्रोम, सगळं माझ्या पगारातून कापणार.

२४ सप्टेंबर

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. लेथवाला पाच हजारांत साधा शाफ्ट करून देतोय, निम्मे आगाऊ मागतो. कडक नको म्हणून दादाने त्याला दोनदा सांगितलंय. मला म्हणाला, तू आता वस्तू पाठवू नकोस. म्हटलं, सगळे पाच हजार माझ्याकडून. वहिनी म्हणाली, निम्मे आले तरी उद्या गिरणी सुरू होईल.

कापून हातात आलेला पगार मोजला. खोलीचं भाडं काढलं. लांब्याकडे उसने मागितले, त्याने स्वतःच्या पैशाने बसवलेली नवी कडी दाखवली.

पाठवतोय: सोळाशे.