दहाव्या दगडाची हजेरी

ता. केज,
१५ मे २०२५

रामकिसन भाऊजींस छबुबाईचा सप्रेम जय भीम, वि. वि.

मेलेल्या बाईचं पत्र आलं म्हणून दचकू नका. फोन करावा तर तो माझ्या धाकट्या नवनाथकडं असतो, अन त्या पोरानं फोनवरच मला मारलंय.

तुमी हजेरीची वही धरून समोरच होता, तरी परत सांगते, कारण वहीत तुमी अर्धंच लिवता. छप्पन सालापासून आपल्या घरात देव न्हाईत, नारळ न्हाई, नैवेद न्हाई. मामंजींनी एकच गोष्ट लावून दिली. वैशाख पुनवेला पोरं घेऊन वढ्याकाठच्या थडग्यांवर जायचं. एकेका थडग्यापाशी एकेक पोर उभं करायचं, मेलेल्याचं नाव पुकारायचं, अन पोरानं त्याच्या वतीनं 'हाजर' म्हणायचं. तुमचे भाऊ गेल्यापासून एकोणीस वर्षं ही हजेरी मी घेते.

औंदा थडगी नऊ अन पोरं दहा. पुण्याहून आलेली माझी नात संस्कृती उरली, ती बिचारी दहाव्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. तो दगड माझा. ह्यांच्या शेजारी दुसरं कुणी घुसू नये म्हणून मी जित्तेपणीच नाव घालून रोवून ठिवलाय. मी आपली ओळीनं वाचत आले. बजरंग ज्ञानोबा. हाजर. छबुबाई बजरंग. हाजर. अन तुमी चटदिशी लिवून घेतलं.

नवनाथनं ती यादी घरच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी गेवराईची माझी भन वत्सला यष्टीनं आली. दुखाच्या घरी नेतात तसं फडक्यात पिठलं-भाकरी बांधलेलं, अन दारातच गळा काढला. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले अन इचारलं, कोण गेलं गं. ती म्हणली, तू. मग दोघींनी उंबऱ्यावर बसून फडकं सोडलं. शेवटी भाकरी वाया जाऊ नये म्हणून माझ्या दुखाची भाकरी मीच खाल्ली. पिठलं खारट होतं.

तवा माझं नाव खोडा, अन खोडल्याचं पत्र धाडा.

आपली, अजून उठबस करणारी वैनी,
छबुबाई

—

बीड,
२१ मे २०२५

ती. वहिनींस सप्रेम जय भीम, वि. वि.

मायन्यात 'तीर्थस्वरूप' लिहावे की 'कालकथित', यात एक दिवस गेला. पोस्टमनचा गोंधळ नको म्हणून पहिले लिहिले.

नाव खोडता येणार नाही. निजामाच्या काळात बाबांना, म्हणजे आपल्या मामंजींना, शाळेत दाराबाहेर बसवले, आणि गावाने ओरडा करताच हजेरीतून त्यांचे नाव खोडले, हे आपण जाणताच. म्हणून आपल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातचे आहे: 'हाजर लागलेले नाव कोणाच्या बापानेही खोडू नये.' मी तर मुलगा.

सबब, दिवंगत व्यक्तीस हजेरी घेता येत नसल्याने पुढील वर्षापासून ती मी घेईन. गुडघ्याला तेल लावत जावे.

कृपा असू द्यावी.
रामकिसन

—

पुणे,
१ जून २०२५

प्रिय आजी, जय भीम.

फोन केला तर नवनाथकाका म्हणाला, आजी वर गेली. मग हसला. मी 'हाजर' म्हटलं म्हणून तू मेलीस का? मम्मी म्हणते नाही, पण वहीत तसं लिहिलंय. मी परत कधीच तिथे येणार नाही. तू जिवंत असशील तर उत्तर पाठव.

तुझी,
संस्कृती

—

ता. केज,
८ जून २०२५

चि. संस्कृतीस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी मेले न्हाई. आज सकाळीच म्हशीनं मला लाथ घातली. मेलेल्याला म्हैस लाथ घालीत न्हाई. अन तू हाजर म्हणल्यानं माणूस मरत असतं, तर तुला मी आधी सरपंचाच्या दारात उभी केली असती. नवनाथचा चार्जर मी ज्वारीच्या कणगीत टाकलाय. हुडकू दे.

मला तुझा राग न्हाई. मी शाळेची पायरी चढले न्हाई, अक्षरं तुझ्या आजोबानं चुलीपुढं शिकवली. सत्तर वर्षांत माझं नाव पुकारल्यावर कुणी हाजर म्हणलं ते पैल्यांदा तूच. जरा घाई केलीस, एवढंच.

आता कामाचं ऐक. तुझे रामकिसन आजोबा हजेरी घेणार म्हणतात. ते नुसतं वाचतील, केशरबाई ज्ञानोबा, अन फुडं जातील. मी पुकारताना सांगते, ही तुमची पणजी, हिच्या तोंडाला गाव भ्यायचं, पण दुष्काळात खडी फोडून हिनंच रामकिसनला मॅट्रिक केलं. हे कुणी सांगितलं न्हाई तर तुमाला तिथं दगड दिसतील, माणसं न्हाई.

मामंजींचा अजून एक नियम हाय. ज्या पोरानं ज्याची हाजरी दिली, त्यानं त्या माणसाच्या वतीनं बोलायचं. भाऊजींच्या वहीत मी मेलेली, तर माझ्या वतीनं बोलणार तू. म्हंजे फुडल्या पुनवेला हजेरी तू घेणार. मी मागं उभी राहून कोण कसं होतं ते सांगते. त्यांनी नियम धरलाय ना, आता धरून बसू दे.

न येण्याचं नाव काढू नको. मोठ्यांना नमस्कार, तुला पापा.
आजी

—

बीड,
३ मे २०२६

ती. वहिनींस सप्रेम जय भीम, वि. वि.

परवाच्या हजेरीची वही आज पूर्ण केली. चि. संस्कृतीने हजेरी नियमानुसार घेतली. 'रामकिसनला मॅट्रिक केलं, पण हसायला शिकवायचं राहिलं' हे वाक्य तिला कोणी पढवले, ते विचारीत नाही. मुले मात्र एकही झोपली नाहीत, याची नोंद करतो.

दहाव्या दगडापाशी अडचण आली. 'छबुबाई बजरंग' असे तिने तीनदा पुकारले. आपल्या वतीने बोलायचे ती मुलगीच पुकारत असल्याने दगडापाशी कोणी नव्हते. नवव्या दगडापर्यंत तिच्या मागे उभ्या राहिलेल्या आपण नेमक्या तेव्हा लिंबाखाली जाऊन शेंगा फोडत बसलात, आणि माझ्याकडे बघत तोंडातून शब्द काढला नाही.

उत्तर न आल्यास 'गैरहजर' लिहावे लागते. तसे लिहिले आहे. नाव खोडलेले नाही. पुढच्या वर्षीही हेच लिहिण्यास माझी हरकत नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. वहीत कोरी पाने भरपूर आहेत.

लोभ आहेच, तो वाढवावा, आणि गैरहजर राहावे.

आपला,
रामकिसन