बोळ कुणाच्या वाट्याला

३ फेब्रु., मंगळ.
काका आज चहाला आला. स्वतःहून. वाटणीचं सुरू झाल्यापासून उंबऱ्यात पाय न्हाई, आन् आज "वैनी, चहा लय झकास." माय चहात साखर टाकायचीच विसरली होती. कायतरी हाय.

पालिकेनं आज्याच्या नावची थकलेली घरपट्टी सगळ्या जागेवर बोजा म्हणून चढवलीय. आता जागेचे दोन तुकडे व्हायलेत, तर बोजाबी तुकड्याच्या मापानं वाटून येणार. आपला वाटा भरला की आपल्या तुकड्यावरचा उतरतो, मग घरकुल मंजूर. न्हाईतर पत्र्यातच. मायनं शेळ्या विकल्या. तरी निम्म्यापुरतेच पैसे हायत.

५, गुरु.
काका आबाला म्हणला, "दादा, तुमी थोरले. बोळ तुमच्या तुकड्यात घ्या. वापर दोघांचा, मान तुमचा."
आबा लगेच फुगले. मायला म्हणले, "बघ! नावं ठेवत होतीस ना माझ्या भावाला?"
मी चुलीपुढं. एक भाकर करपली.
बोळ आमच्या घराच्या कडंनं मागं जातो. आमचं दार तर रस्त्यावर. बोळातनं जातं कोण? मागं काकाची गिरणी, तिची गिऱ्हाइकं.

६, शुक्र.
काका बोळ झाडायलाय!! जल्मात खराटा धरला न्हाई. मला म्हणला, "काय गं मुके, उठलीस का?" मी आत पळाले.
काकू मात्र आमच्याकडं बघंना.

८, रवि.
मायला सांगितलं. बोळ आमच्यात धरला की तुकडा मोठा, मंग बोजाबी जास्त. चालणार ते, भरणार आमी.
"आबाला सांग."
"तू सांग."
"मी सांगितलं तर म्हणतील दिरावर जळते."
कुणीच न्हाई सांगितलं. शाळेत बी असंच. उत्तर यायचं, हात वर जायचा न्हाई. नववीत सुटली एकदाची.
का उगं मलाच वाटायलंय? पीठ तर फुकट दळून देतो काका. पण झाडणं...

१०, मंगळ.
पालिकेचा माणूस मापाला आला. टेपचं टोक माझ्याकडं दिलं. काका म्हणला, "बोळ ओलांडून पलीकडच्या भिंतीला लाव."
मी आमच्याच भिंतीला धरून राह्यले.
"अगं पलीकडं!"
"काका, बोळ निम्मा तुमच्यात धरा की. तुमी बी चालताव."
आवाज लय बारीक निघाला. पण ऐकू गेला सगळ्यांला.
आबा वरडले, "गप बस!" काका हसला, "मुकीला वाचा फुटली की." त्यो माणूस टेप गुंडाळत म्हणला, "दोघं भाऊ मिळून एक काय ते सांगा. मी परवा येतो."
मंग कुणीच हसंना.

आबा जेवले न्हाईत. आता बोळात हायत. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावून मोजायलेत. मला दारात बघितलं. परत पहिल्यापासून मोजायले.