सड्याचा फोटो

लालबाग, ३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

मेघनाचा वाकून नमस्कार. नोकरीचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. खोलीत सकाळचं पाणी वेळेवर येतं. तुमचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेताय ना?

नव्या अणुभट्ट्यांसाठी गुंतवणूकदार मिळवायचे, हे माझं काम. ते मला अजूनही पटतं. वीज सगळ्यांनाच लागते. गेल्या महिन्यात त्यांना दाखवायला ओसाड जागेचा एखादा फोटो हवा होता. आईच्या वर्षश्राद्धाला आले तेव्हा काढलेला गावावरच्या कातळपठाराचा, आपल्या सड्याचा फोटो मी लावला आणि खाली लिहिलं, ‘रिकामा कातळ’. साहेबांनी विचारलं, हे कुठे आहे? मी कौतुकाने गावाचं नाव सांगून बसले.

बुधवारी अणुभट्टीसाठी सडा मोजायला मोजणीवाले येताहेत. त्यांच्याशी भांडू नका, उन्हातून येतील, कोकम सरबत द्या. मग त्यांना सड्यावर न्या आणि आईला अग्नी दिला ती जागा दाखवा. मला ती बघवत नव्हती, म्हणून फोटो काढताना मीच तेवढी बाजू सोडली होती.

तुमची,
मेघना