श्वास सोळा, नाडी शहात्तर

३ मार्च
आले एकदाची लंडनच्या हॅरोला! सुचेता सिस्टर स्वतः स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. जांभळा कोट, पांढरेशुभ्र केस, आणि सत्तरी उलटली तरी माझी जड बॅग हिसकावून घेण्याइतका दंडात जोर. म्हणाल्या, मॅडम नको, मावशी नको, मला सिस्टरच म्हणायचं; आयुष्य वॉर्डात गेलंय माझं. त्यांचे यजमान रघुवीरकाका दारात हसले आणि लगेच मागच्या बागेत पसार झाले. जेवायला मेथीची भाजी आणि गरम भाकरी! मेथी वेम्बलीची, भाकरी सिस्टरांच्या हातची. दोन महिने हॉस्पिटलनं राहायला दिलेल्या खोलीत टोस्ट खाऊन जीव विटला होता नुसता.

खोली छोटी आहे, पण खिडकीतून बाग दिसते. इथे परीक्षेपर्यंत राहायचं, सिस्टरांकडून तयारी करून घ्यायची. इकडे नर्स म्हणून नाव लागायला परीक्षकासमोर पेशंट तपासून दाखवावा लागतो, आणि मी एकदा आपटले आहे. सांगलीला आठ वर्षं आयसीयू केलं, माझे हात झोपेतही चालतात. पण इथे प्रत्येक गोष्ट करताना तोंडानं सांगावी लागते. मी हात धुते आहे, मी नाव विचारते आहे, मी श्वास मोजते आहे. मी सगळं केलं आणि गप्प राहिले. गेले मार्क.

या वेळी गेले तर नोकरी जाणार, गाशा गुंडाळून सांगली. अन्वी सासूबाईंकडे आहे, पाच वर्षांची. फोनवर विचारते, आई, तू नर्स कधी होणार? पास झाले की तिला इकडे आणणार, बस्स.

५ मार्च
सिस्टर म्हणजे वाघीण आहे. सकाळी चहाच्या आधी हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या करून घेतल्या: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याकडून कुणी नापास होऊन गेलं नाही म्हणे. मला पटलं.

आणि इथे प्लास्टिकचा बाहुला नाही, जिवंत पेशंट आहे! खालच्या पुढच्या खोलीत खरीखुरी हॉस्पिटलची कॉट, आणि तिच्यावर मधुमतीताई, सिस्टरांच्या नात्यातल्या. पूर्वी नाटकात कामं करायच्या, आता सरावासाठी पेशंट होतात. भूमिकेतून बाहेर येत नाहीत, एक शब्द बोलत नाहीत. मनगटावर नावाची पट्टीसुद्धा आहे.

सिस्टरांची पद्धत अशी, की आकडे त्यांच्या हातातल्या कार्डावर असतात. आपण बोट नाडीवर ठेवायचं, "मी नाडी मोजते आहे" म्हणायचं आणि त्यांच्याकडे बघायचं. मी सवयीनं खरंच मोजायला लागले तर बोटावर फटकन कार्ड बसलं. "टाइम वेस्ट करू नकोस, डार्लिंग. बोललीस की झालं. मार्क बोलण्याला आहेत." जरा लागलं, पण बाई बरोबर बोलतात. मोजत बसूनच तर मी आपटले.

८ मार्च
आज धमाल! विषय होता रक्तातली साखर उतरण्याचा. इकडे साखर आपल्यासारखी नव्वद-शंभर नसते, पाच-सहा असते, आणि चारच्या खाली गेली की धावपळ. मधुमतीताईंनी काय अभिनय केला! हात थरथरतायत, नजर भिरभिरतेय, कपाळावर घामाचे थेंब. मी न अडखळता सगळं म्हटलं: साखर तपासते आहे, दोन पॉइंट तीन, गालात साखरेची जेल सोडते आहे, पुन्हा तपासणार आहे. जेलची ट्यूब ट्रेमध्येच होती. मी उघडायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, बोललीस ना? मग दिलीस. चल, चहा घेऊ.

चहाबरोबर खारी होती. मला पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मिळाले. अन्वीला फोन करून सांगितलं, तर तिनं टाळ्या वाजवल्या.

११ मार्च
घामाचं डोक्यातून जात नाही. रडू आणता येतं, थरथर आणता येते. घाम कसा आणतात? आज ताईंचा गाऊन बदलला तेव्हा पाठीला हात लागला, गार आणि चिकट. हा घाम मला चांगला माहीत आहे. आणि दंडावर सुयांचे डाग, नवे-जुने.

सिस्टरांना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ताईंना डायबेटिस आहे, इन्शुलिन चालू असतं. असेलही. मी उगाच राईचा पर्वत करते.

१३ मार्च
आजचा विषय श्वास. कार्डावर सोळा. मी "मी श्वास मोजते आहे" म्हटलं, सिस्टरांकडे पाहिलं, पण माझा हात ताईंच्या छातीवर होता आणि त्याला खोड आहे. तो मोजत राहिला. मिनिटाला आठ. नंतर पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

आठ वर्षांत असं मी कैकदा पाहिलं आहे. हे अफूच्या जातीचं औषध आहे, आणि भरपूर आहे. हा अभिनय नाही.

मी "सोळा" म्हटलं. सिस्टर माझ्या बोटांकडे बघत होत्या.

१४ मार्च
सिस्टर दुकानात गेल्या होत्या म्हणून ताईंजवळ बसले. गुंगीत त्यांचे हात हलत होते. आधी वाटलं झटका येतोय. मग नीट पाहिलं. तळव्यावर तळवा. बोटांच्या बेचक्या. अंगठे. नखं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ही बाई नटी नाही. नर्स आहे.

पळत बागेत गेले. रघुवीरकाका गुलाबाच्या काड्या छाटत होते. मधुमतीताई इथे विद्यार्थिनी म्हणून आली होती का, असं विचारलं. त्यांनी आणखी एक काडी छाटली. मग मान वर न करता म्हणाले, चांगली पोर होती, पण मोजायची. एवढंच बोलले आणि काड्या उचलून आत गेले.

१५ मार्च
पोलिसांना एक फोन केला की झालं. पण फोन केला की चौकशी, जबान्या, घराला कुलूप. परीक्षा वीस तारखेला आहे. मी तयार आहे, इतकी तयार पुन्हा कधी होणार नाही. हॉस्पिटल थांबणार नाही. अन्वीनं आल्यावर घालायचा कोट निवडून ठेवलाय, लाल.

पाचच तर दिवस. ताई इतके दिवस जगली, अजून पाच जगेल.

मला माहीत आहे मी काय लिहिते आहे. लाज वाटते. तरी लिहिते.

१६ मार्च
सिस्टर ट्रे भरत होत्या तेव्हा तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग सांगते सगळ्यांना. तिनं माझं बोट धरलं. सोडेना. सिस्टर वळल्या तशी मीच सोडवून घेतलं, आणि मोठ्यांदा म्हटलं, पेशंट सहकार्य करते आहे.

सिस्टर म्हणाल्या, व्हेरी गुड.

१८ मार्च
शेवटचा सराव. कार्डावर नाडी शहात्तर, श्वास सोळा.

मनगट गार. छाती हलत नव्हती. जबडा — मी किती मृत चेहरे धुतले आहेत, मला कळणार नाही?

सिस्टर समोर उभ्या होत्या, कार्ड धरून. वाट बघत.

नाव विचारलं. अ‍ॅलर्जी विचारली. शहात्तर म्हटलं. सोळा म्हटलं. पेशंटला आराम वाटतो आहे, असं म्हटलं. एकदाही अडखळले नाही. पैकीच्या पैकी.

नंतर हात धुतले. पुन्हा धुतले.

१९ मार्च
खालची कॉट रिकामी. चादर नवी, कोपरे अगदी वॉर्डासारखे दुमडलेले. काका बागेत खणतायत. गुलाब लावायचे आहेत म्हणे.

उद्या परीक्षा. सिस्टरांनी शिरा केला, केशर घालून. म्हणाल्या, यमुना, तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. बोलायला शिकलीस. पण तुझी बोटं अजून मोजतात गं, मी पाहते ना. ती खोड जात नाही कुणाची.

चहा पाठवलाय वर. प्यायले. कडू होता —

जीभ जड. हे चहातलं —

दार बाहेरून

तारीख माहीत नाही
वही उशीच्या अभ्र्यात खुपसली होती, उशीबरोबर खाली आली. पेन्सिल पण. कॉट खालचीच. मनगटावर पट्टी. मधुमती लिहिलंय.

म्हणजे ती पण मधुमती नव्हती. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. रोज विचारत होते, आणि उत्तर सिस्टर द्यायच्या.

परीक्षा होऊन गेली असेल. अन्वी —

पुन्हा
घाम. गार. चारच्या खाली नक्की. कुणाचा तरी आवाज — जेल सोडते आहे — कुणी सोडली नाही. चहाची कपबशी वाजली. खारीचा वास.

हात आपोआप हलतात. बेचक्या. अंगठे. थांबवते, थांबत नाहीत.

पुन्हा
नवी मुलगी. अक्षया, नागपूरची. हीही आयसीयूतली. गोड बोलते. सिस्टर सांगत होत्या, मधुमतीताई नाटकात होत्या.

अक्षया, मोज. बाई गं, मोज.

आज
श्वासाचा विषय. तिचा हात छातीवर. मोजला तिनं! बोटं कळली मला. पापणी उचलली. बाहुली पाहिली. माझ्याकडे पाहिलं — तिला कळलं. 

मी बोट धरलं. घट्ट.

सोळा, म्हणाली.

मग कानाशी वाकली. डोळ्यांत पाणी होतं. माझी परीक्षा गुरुवारी आहे, ताई, म्हणाली. ती होऊ दे, मग सांगते सगळ्यांना.

बोट सोडवून घेतलं.

सिस्टर सुई भरतायत, ऐकू येतं. मीच मोजते आता. कुणीतरी मोजायला हवं. एक.

दोन —

तीन

अन्वी, लाल कोट —

चा