दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या

तीर्थरूप आत्यांना,

एका हाताचा नमस्कार. (दुसरा प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नका, कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला हटला, की अजून घर डोक्यावर घेतो? हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीसाठी लिहितो आहे, मनात दुसरं काही नाही.

आमच्या डिझाइन म्युझियमच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आहे. छत उघडं, भिंती सोललेल्या आणि माझ्या टेबलावर गवंड्यांचे जेवणाचे डबे. मला वाटलं, चला, कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाला तेवढीच विश्रांती. पण आमच्या संचालक मॅडम स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हेत. "इमारत बंद आहे, म्युझियम नाही. आपण लोकांकडे जायचं," असं त्यांनी जाहीर केलं, आणि जायचं कुठे, तर त्यांच्या दिरांच्या दातांच्या दवाखान्यात! (दीर म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.) तिथली जुनी बाकडी जिन्याखाली गेली आणि वेटिंग रूममध्ये आमच्या नामांकित खुर्च्या आल्या. एक वाकवलेल्या लाकडाची, एक तारेची, आणखी अशाच काही, आणि सगळ्यांत मौल्यवान ती तीन पायांची. प्रदर्शनाचं नाव 'बसण्याची कला' आणि प्रत्येक खुर्चीवर पाटी, 'कृपया बसू नये.'

आता तुम्हीच विचार करा, आत्या. दाढ ठणकते आहे, समोर खुर्च्या रिकाम्या, आणि माणसं गाल धरून भिंतीला टेकलेली. वर मी त्यांना पाठीला आधार देणाऱ्या रेषेचं सौंदर्य समजावतो आहे. बिचारे ऐकून घेत, कारण निम्म्यांना तोंडच उघडता येत नव्हतं. (इतके शांत श्रोते मला आजवर लाभले नाहीत.)

एका सकाळी एक बाई आल्या. गाल टम्म सुजलेला. त्यांनी पाटी वाचली, उचलून माझ्या हातात दिली आणि खुशाल तीन पायांच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, "बाई, ही वस्तू फक्त बघायची आहे." त्यांनी हातानंच खूण केली, मग बघा की! झालं, बांध फुटला. सगळी वेटिंग रूम खाली बसली. बाईंना आत बोलावणं आलं, तेवढ्यात मॅडम आमच्या विश्वस्तांना घेऊन दारात हजर. माझी नोकरी मला हात हलवून निरोप देताना दिसली.

पण विश्वस्त हरखले. "वा! लोक वस्तू वापरताहेत! डिझाइन म्हणजे हेच की!" मॅडम लगेच म्हणाल्या, "कल्पना माझीच." मग विश्वस्तांनाही मोह आवरेना. भरल्या अंगाचे गृहस्थ, ते त्या तीन पायांच्या खुर्चीत बसले आणि ऐसपैस मागे रेलले. खुर्ची कलली. मी झेप घेतली. खुर्ची वाचली, विश्वस्त माझ्यावर, आणि सगळ्यांच्या खाली माझा हात. मॅडम धावत आल्या. "काही मोडलं नाही ना?" मी कण्हत म्हटलं, "हात गेला वाटतं." तर म्हणतात, "अहो, खुर्चीचं विचारते आहे मी!"

दिरांनी मनगट दुरूनच पाहिलं आणि हे आपल्या खात्यात येत नाही म्हणाले. शेवटी त्या सुजलेल्या गालाच्या बाईच, दाढ काढून बाहेर आल्या तशा, मला टॅक्सीत घालून हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तोंडात कापसाचा बोळा, तरी उतरताना काहीतरी म्हणाल्या, "उर्ची आन ओती." घरी आल्यावर उलगडा झाला. खुर्ची छान होती! आत्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत मनापासून मिळालेली ही पहिली दाद. त्या आनंदात हात दुखतो आहे हेच मी विसरलो. (थोडा वेळ.)

पुढे बोभाटा झाला. दात न दुखणारी माणसं नुसती बसायला येऊ लागली, खऱ्या रोग्यांना जागा उरेना, आणि काल दिरांनी आम्हाला मुळासकट उपटून काढलं.

असो. तब्येतीला जपा. आतोबांना नमस्कार सांगा.

तुमचा एकहाती भाचा

ता. क. : तुमच्या बाहेरच्या खोलीत उजेड फार सुंदर येतो, असं मी मॅडमजवळ सहज बोलून गेलो.

ता. क. २ : त्यांनी निमंत्रणं छापलीसुद्धा. उद्घाटन रविवारी, तुमच्या हस्ते.

ता. क. ३ : पत्र पोस्टात न टाकता ट्रकच्या ड्रायव्हरकडेच देतो आहे. तो आत्ता तुमच्यासमोर उभा असेल. आधी खुर्च्या उतरवून घ्या, मग सावकाश माझ्यावर रागवा.