चैत्रातलं श्राद्ध

आप्पा, मी स्पॅनिश शिकतेय. हसू नका. स्पेन कुठं आहे हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत मलाही नकाशात बोट ठेवून दाखवता आलं नसतं. पुण्याला विद्यापीठात दर रविवारी दहा ते दोन वर्ग असतो, अगदी पहिल्या पायरीचा, एक-दोन-तीन आणि तुझं नाव काय पासून सुरू होणारा. मी पहाटे साडेपाचला भिंगारातून निघते, नगरच्या स्टँडवर एसटी पकडते आणि शिरूर येईपर्यंत आकडे घोकते. शेजारी बसलेल्या बायांना वाटतं, बाई कसला तरी जप करतेय, मग त्या जरा सरकून बसतात. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तर पुढच्या बाकावरचे दोघंतिघं उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मीच शिकवणार. शिकवणाऱ्या बाई माझ्या मागून आल्या. त्या माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी तरी लहान असतील.

स्पॅनिशच का, असं सगळेच विचारतात. फॉर्म घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं पाच भाषांची नावं वाचून दाखवली आणि कोणती, असं विचारलं. मी म्हटलं, "ज्याचा मला काहीच उपयोग होणार नाही अशी कोणतीय?" तो चष्म्यावरून बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, उपयोग सगळ्यांचाच असतो." म्हटलं, "जर्मन-जपानीला नोकरीवाल्यांची रांग दिसतेय, ती नको. फ्रेंच शिकलेली एक बाई आमच्या ऑफिसात आहे, तीही नको." त्यानं वैतागून स्पॅनिशसमोर खूण केली. तुम्हाला हे डोकं फिरल्याचं लक्षण वाटेल. पण आप्पा, तुम्ही गेल्यापासूनच्या पंचवीस वर्षांत माझ्या आयुष्यातली एक गोष्ट अशी नाही की जी कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाची नव्हती. धाकट्या भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, आईचे डोळे, गावाकडचं घर. एक तरी गोष्ट बिनउपयोगाची असावी असं मला वाटलं. आईला हे सांगायची छाती झाली नाही, म्हणून कोर्स प्रमोशनला लागतो अशी थाप मारली. ती आता शेजारपाजारी सांगत सुटते, "आमची पोरगी सायबीन व्हनार हाय."

मी तुमच्याच जागेवर आहे. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देतात. त्याला सरकारी भाषेत अनुकंपा म्हणतात आणि ऑफिसात माझी ओळख अजूनही 'अनुकंपावाल्या मॅडम' अशीच आहे. क्वार्टर तुमचंच, दोन खोल्या आणि मोरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लष्कराच्या डेपोची भिंत दिसते आणि भिंतीवरच्या काटेरी तारा. भोंगा वाजला की मी निघते, तुम्ही जायचात त्याच रस्त्यानं, आणि तुम्ही बसायचात त्याच रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसते. तुम्ही शिवलेल्या जुन्या फायली अजून तिथंच आहेत. तुमची गाठ मला लांबून ओळखू येते, दोरा दोनदा गुंडाळून आत दाबलेली. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडकीची काच थरथरते आणि मी तुमच्यासारखीच काचेवर हात ठेवते. एकदा श्रीगोंद्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा साखर कारखान्यात होता, बरा होता. पण माझी बदली होत नव्हती आणि आईला एकटं टाकून जायचं नव्हतं, म्हणून ते बारगळलं. थोरल्याचं अंगडं धाकट्याला होतं हे मी पाहिलंय. पण अख्खा माणूसच दुसऱ्याला घालायला द्यायचा, हे फक्त आमच्या खात्यात होतं.

स्पॅनिशची वही मात्र माझी आहे, म्हणजे तुम्ही दिलेली. आठवतंय? बारावीचा निकाल लागला आणि तुम्ही मला पुण्याच्या कॉलेजात आणि होस्टेलात नाव घालायला घेऊन गेला होतात. खिडकीतल्या बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. मागच्या मुली फिसफिसल्या. तुम्ही पुढं होऊन सगळी उत्तरं दिलीत. परत येताना मी बसमध्ये खिडकीबाहेर तोंड करून बसले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "भ्यालीस व्हय?" मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही चिडलात. सबंध बस ऐकत होती. "भ्यालं तर भ्यालो म्हनावं! त्यात कसली लाज? पर खोटं बोलायचं न्हाई." घरी आल्यावर तुम्हालाच वाईट वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रद्दीत निघालेले कोरे फॉर्म आणलेत आणि स्वयंपाकघरात पाट टाकून, दाभणानं, फाइल शिवतात तशी एक जाडजूड वही शिवून दिलीत. "कालेजात लागंल," म्हणालात. आई भाकरी थापता थापता म्हणाली, असली वही बघून पुण्याच्या पोरी हसतील. तुम्ही म्हणालात, "हसू दे. पानं मोजायला बसल्या तर दमतील." ते फॉर्म रजेच्या अर्जाचे होते. आता प्रत्येक पानावर एका बाजूला माझं स्पॅनिश आहे आणि उलटून पाहिलं की छापलेलं आहे: रजेचे कारण.

त्यानंतर दोन आठवड्यांत तुम्ही गेलात, रेकॉर्ड रूममध्येच, खुर्चीत. दहावा पुणतांब्याला गोदावरीवर केला. ऊन चढलं तरी कावळा पिंडाला शिवेना. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा झाडावर. आई म्हणाली, धाकट्याला शिकवीन. कावळा झाडावरच. मग आत्यानं मला पुढं ढकललं. "तू बोल गं. त्याचा समदा जीव तुझ्यात हुता." मी अठरा वर्षांची, आप्पा. मी तुमच्या पिंडासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, मी तुमच्या जागंवर लागते. आईला आन् धाकट्याला बघते. पुन्याला जात न्हाई." आणि कावळा उतरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आत्या म्हणाली, "बघा, ह्यातच अडकला हुता." झालं. तेव्हापासून दर भाद्रपदात पित्राच्या दिवशी आई क्वार्टरच्या भिंतीवर पान ठेवते आणि कावळा यायला उशीर झाला की म्हणते, "पोरगी हाय तुमच्या जागंवर, काळजी करू नका." कावळा येतो. दरवर्षी येतो. त्या कावळ्यांचा मला किती राग आहे हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमचाही होता. तुम्हाला माझ्यासाठी दुसरं काही मागता आलं नाही का, असं वाटायचं.

आता यंदाच्या चैत्रातली गोष्ट. लेखी परीक्षा रविवारी झाली, पण तोंडी आली गुरुवारी, आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडं इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शन म्हटलं की सगळ्यांच्या रजा बंद. दवाखाना आणि मयत-श्राद्ध एवढ्यालाच सूट. तोंडी बुडली की वर्ष बुडालं. तीन दिवस मी रजेचा कोरा अर्ज पर्समध्ये घेऊन फिरले. दवाखाना लिहावं तर आईला आजारी पाडावं लागणार, तेवढा हात धजेना. तुम्ही आधीच गेलेले होता, तुमचं आणखी काय वाईट होणार होतं? मी लिहिलं, वडिलांचे श्राद्ध. आणि जाऊन सुपरिंटेंडंट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

म्हणजे बघा माझी अक्कल. हे तेच, तुमच्या शेजारच्या टेबलावर नवे क्लार्क म्हणून लागलेले आणि तुमच्या डब्यातली चटणी संपवणारे. आता रिटायरमेंटला आलेत. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणते, घरी काका. आणि दर भाद्रपदात तुमच्या नावानं पित्राला कोण बसतं? तेच बसतात. आई त्यांनाच गंध लावते, त्यांनाच खीर वाढते, वडे वाढते, तुम्ही जेवलात असं समजून त्यांच्या पाया पडते. सगळ्या डेपोत ज्या एका माणसापुढं ही थाप चालणार नाही, त्याच्यापुढंच मी ती नेऊन ठेवली. त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"मॅडम, पित्राला बसतंय कोन?"

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

"भाद्रपदात मी असतो. चैत्राला दुसरा मानूस बघितलाय व्हय?"

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रविवार, एसटी, तोंडी परीक्षा. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मॅडम म्हणायचं सोडलं.

"इस्पॅनिश? त्याचा उपेग काय गं पोरी?"

"काही नाही."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "तुझ्या बापानं डोकं खाल्लं हुतं माझं. पोरगी पुन्याला जानार, होस्टेलात ऱ्हानार. रोज त्येच."

मला एकदम संताप आला. म्हटलं, "मग कावळा का शिवला नाही? मी पुण्याला जात नाही म्हणेपर्यंत का थांबला?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "अगं, शिवनार कसा? पन्नास मान्सं पिंडाला कडं करून हुबी. तू बोलाया लागलीस तवा मीच समद्यांना मागं सारलं. म्हनलं, पोरीला मोकळं बोलू द्या. मान्सं हटली, जागा झाली, उतरला कावळा." मग पेन उघडत म्हणाले, "मला वाटलं, तुला ठावं असंल."

मी काही बोलले नाही. त्यांनी सही केली. मी कारण खोडून दुसरं लिहू का असं विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खाडाखोड दिसाया नको, इन्स्पेक्शन हाय." अर्ज परत देताना एवढंच म्हणाले, "ह्या टायमाला तूच बस त्याच्या नावानं. जीव कर घट आन् बोल."

गुरुवारी विद्यापीठाच्या व्हरांड्यात मी दोन तास बसले होते. आत एक बाई आणि एक गृहस्थ. नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, भिंगार सांगितलं. स्पॅनिश का शिकता, असं विचारलं. त्याचं उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं, मला प्रवासाची आवड आहे. मी ते शंभरदा पाठ केलं होतं, पुण्याच्या पुढं कधी न गेलेल्या बाईनं. पण माझं तोंड कोरडं पडलं, अगदी त्या होस्टेलच्या खिडकीसारखं. दोघंही वाट बघत होते. मागं फिसफिसायला कोणी नव्हतं, आणि पुढं होऊन उत्तर द्यायला तुम्ही नव्हता. मग मला तुमचं बसमधलं ओरडणं आठवलं आणि मी म्हटलं, "तेंगो मिएदो." म्हणजे मला भीती वाटतेय. बाई हसल्या, चांगल्या हसल्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि म्हणाल्या, सावकाश. पुढची सात-आठ मिनिटं मी बोलले. चुकत चुकत बोलले, पण बोलले.

पास झालेय. सुटकाबिटका काही झाली नाही, गैरसमज नको. शुक्रवारी भोंगा वाजला आणि मी निघाले. पुढच्या वर्गाचा फॉर्म आणून ठेवलाय, तो अजून भरलेला नाही. आईला वाटतं प्रमोशनची ऑर्डर कधीही येईल. अजून सोळा वर्षं नोकरी आहे, आणि ती भिंत काही हलत नाही.

हे पत्र तुमच्याच वहीत लिहितेय, रजेच्या अर्जांच्या पाठीवर. पुढच्या महिन्यात पित्रं आहेत. पानावर वाढलेलं तुम्हाला पोचतं म्हणतात, मग कागदही पोचायला हरकत नाही. एकदा वाटलं, काका जेवून उठले की त्यांच्या खिशात घालावं, तुमच्या नावानं जेवतात तर तुमच्या नावानं आलेलं पत्रही न्यावं. पण ते वाचतील. आणि एक गोष्ट त्यांना कळायला नको. त्या दिवशी केबिनमध्ये मी गप्प राहिले ते धक्का बसला म्हणून नव्हे. पुणतांब्याला घाटावर मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा माझं तोंड माणसांकडं होतं. काका हात पसरून त्यांना मागं सारत होते, ते मी बघत होते. जागा झाली म्हणून कावळा उतरला, हे मला तिथंच कळलं होतं. तरी आत्या म्हणाली ते मी खरं धरलं आणि पंचवीस वर्षं तुमच्यावर ढकललं. खरं तर त्या दुपारी, तुमचा पिंड समोर असताना, माझ्या मनात पहिल्यांदा आलं होतं ते एवढंच, की सुटले बाई, आता पुण्याला जावं लागणार नाही. मी भ्याले होते, आप्पा.