यादीतली त्रेचाळीस नावं

ता. ११ एप्रिल १९३८

प्रिय प्रमिला,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. दादर ज्वारी यंदा चांगली उतरली, तांबडी गाय व्याली, कालवड झाली. चार वर्षांत धुळ्याहून तुझी सात पत्रं आली. मी एकही हातात घेतलं नाही. तुझी आई ती माजघरात बसून मोठ्याने वाचायची आणि मी ओसरीवर बसून, ऐकत नसल्यासारखा, ऐकायचो. तू मुलींच्या शाळेत लागलीस, तुला पहिला पगार झाला, दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या तुझ्या निंबाच्या हाताला औषधाने पोळलं, हे सगळं मला ठाऊक आहे. तुला वाटलं असेल की आबाला काहीच कळत नाही.

म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत मी पडलो हे तुला कुणीतरी कळवलं असेल. अठरा वर्षं निवडून येत होतो, यंदा सात मतांनी गेलो. तुमचे पंडित मास्तर निवडून आले. पण कसं झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सविस्तर लिहितो. त्यात एका बाईबद्दल बरंच लिहावं लागेल, आणि तिला तू माझ्याहून जास्त ओळखतेस.

तू गेल्यानंतर कापसाच्या जिनाच्या पाठीमागे नदीकाठी झोपड्या वाढल्या. सातपुड्याकडचे पावरे, भिल्ल, थोडे निमाडातले लोक. कापसाच्या हंगामाला यायचे आणि आताशा परत जाईनासे झाले. वाळूत झिरा खणून त्यातलं पाणी प्यायचे. गेल्या उन्हाळ्यात पटकीने त्यांच्यातली चार माणसं गेली. तेव्हा पंडित मास्तरांनी सांगितलं की तिथे नळ द्या. मी म्हणालो की झोपड्याच उठवा. निवडणूक याच एका गोष्टीवर झाली असं म्हणायला हरकत नाही. मी पत्रक छापून घेतलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात होतं, ‘गाव गावकऱ्यांचं.’

पत्रकं घेऊन मी घरोघर फिरलो. आपल्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर बसलो, चहा प्यालो. सगळीकडे एकच ऐकू आलं. हे लोक आले आणि चोऱ्या वाढल्या, हे लोक आले आणि रोगराई आली. आणि त्याच घोटासरशी पुढचं वाक्य यायचं, आपल्या गावात मात्र भेदभाव असा कधी नव्हता हो. मीही मान हलवायचो. प्रमिला, मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

मग नवापुऱ्यात गेलो. त्या वस्तीत मतं त्रेचाळीस. संवत छप्पन्नच्या दुष्काळात नगरकडून चालत आलेली ती कुटुंबं. जातीने आपल्यासारखे कुणबीच, पण कुठले कुणबी कोण जाणे, असं म्हणत आम्ही त्यांना अडतीस वर्षं बाहेरचं ठेवलं. मला वाटलं होतं की स्वतः बाहेरून आलेले लोक एकजात नळाच्या बाजूने असतील. तसं नव्हतं. सुकदेव गाडीवानाने मला खाट टाकून बसवलं आणि म्हणाला, आबा, आम्हाला नळ मिळायला पंचवीस वर्षं लागली, ह्यांना दोन वर्षांत कसा? आणि ते कमी मजुरीत राबतात म्हणून आमच्या पोरांना जिनात काम मिळत नाही. मी खूश झालो. पण निघता निघता सहज बोललो की एरवी आपल्या गावात भेदभाव नाही ही मोठी गोष्ट आहे. सुकदेव हसला. म्हणाला, माझ्या आईला तुमच्या गल्लीतल्या विहिरीवर वरून पाणी ओतायचे, ती खाली ओंजळ धरून उभी राहायची. मी शाळेत दोन वर्षं पडवीत बसलो. चाळीस वर्षांचा झालो, तरी बाजारात मला ‘दुष्काळ्या’ म्हणून हाक मारतात. हे सांगून झाल्यावर त्याने पुन्हा बजावलं की तरीही मत तुम्हालाच, झोपड्या उठल्याच पाहिजेत.

पुढच्या घरी उलटं. तिथला म्हातारा म्हणाला की नळ द्या, त्याची सून आतून म्हणाली की देऊ नका. एकाच चुलीवर दोन मतं. पण भेदभाव नाही असं त्या वस्तीत एकानेही म्हटलं नाही. ज्यांना नवे लोक नकोत त्यांनीसुद्धा नाही. प्रत्येकाकडे आपल्या गल्लीतल्या कुणा ना कुणाची एक गोष्ट होती, आणि दोन गोष्टी माझ्या वडिलांच्या होत्या. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या आईने विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणून सांगितलं.

घरी बसून हिशेब केला तेव्हा दिसलं की नवापुरा अर्धा जरी उलटला तरी मी अडचणीत येतो. आणि मग चार दिवसांनी त्या त्रेचाळीस नावांवर हरकतीचा अर्ज पडला. हे लोक इथले कायमचे रहिवासी नाहीत, यांची मुळं नगरकडे आहेत, सबब यांची नावं यादीतून काढावीत. अर्जाखाली सही भटूची होती. आपल्या कापसाच्या काट्यावर तोलाई करतो तो भटू.

यादी तपासायला मामलेदार आले. मराठी शाळेत सुनावणी ठेवली होती. नवापुऱ्यातली माणसं सकाळपासून शाळेबाहेर उभी. त्यांना विचारत होते, इथे राहता याचा पुरावा काय? घरपट्टी भरतो, एवढं त्यांना सांगता येत होतं. पण घरपट्टी भाडोत्रीही भरतो, तुम्ही परत जाणार नाही कशावरून, असं विचारलं की एकेक जण मागे सरके. सुकदेवसारखा बोलका माणूस, तोही नुसती पावती पुढे करत राहिला. सतरावं नाव ताईबाईचं होतं. आता तुझ्यापासून काय लपवायचं, तुझ्या सासूबाईंचं. तेवढ्या वस्तीत स्वतःच्या नावावर घर असलेली ती एकटी बाई. पुढे आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “साहेब, पुरावा शे. पन तो आठे आनता येत नही. तुम्हाले चालनं पडी.”

लोक हसले. मामलेदार हसले नाहीत. उठून तिच्याबरोबर निघाले, आणि त्यांच्यामागे आम्ही शंभरेक माणसं. धुळ्याच्या रस्त्याने पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत ती त्या उन्हात अनवाणी पुढे चालत होती. तिथे थांबून तिने पायाखाली बोट दाखवलं. हा रस्ता दुष्काळी कामावर झाला, इथपासून पुलापर्यंतची खडी आमच्या टोळीने फोडली. बोलता बोलता तिने दोन्ही हातांचे पंजे पुढे केले. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, ती मी आजवर कधी पाहिली नव्हती. मग रस्त्याकडेच्या एका निंबाच्या झाडाखाली गेली. तिचा पहिला मुलगा त्याच कामावर जन्मला आणि अकराव्या दिवशी गेला, त्याला तिने तिथे पुरला होता. मामलेदारांनी हळूच विचारलं की नाव काय होतं त्याचं. ती म्हणाली, “नाव ठेवाले येळच कोठे भेटना? तुमना वहीमा त्यानं नाव नही, पन ह्या मातीमा तो शे. आते मी कोठे जाऊ?”

त्या वर्षी मी वीस वर्षांचा होतो. याच रस्त्याने बैलगाडीतून अमळनेरला जायचो. दुतर्फा खडी फोडणाऱ्या बाया दिसायच्या आणि मी धूळ नको म्हणून नाकाला उपरणं लावायचो. त्यांतली एक ही असेल.

मामलेदारांनी शाळेत परत येऊन त्रेचाळीसही नावं कायम केली.

तिने रडून काम साधलं असं कुणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्यात काय आहे ते मला मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. नवापुऱ्यातल्या लोकांनी मारुतीच्या पारावर दोन्ही उमेदवारांना बोलावलं होतं. सुकदेव उभा राहून बोलला, मजुरीचं बोलला, आणि बरेच जण माना हलवत होते. पटकीच्या दिवसांत ताईबाईने झोपडीतल्या एका पावरीणीला आपल्या घरात आणून ठेवलं होतं, तिचं हागणं-ओकणं काढलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं आता ही दया-मायेचं काहीतरी बोलणार. तसं नाही. ती म्हणाली की सुकदेव खोटं बोलत नाही, मजुरी खरंच पडली आहे, माझ्याही घरात पडली आहे. हे लोक काही देवमाणसं नाहीत, माझ्या दोन कोंबड्या त्यांनीच नेल्या. “पन मजुरी कमी देस तो जिनवाला. झिराना पानी पेनारी बाई कमी देत नही.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ विचारलं की आबा, आम्ही आलो तेव्हा तुमच्या बापाने आम्हाला उठवलं असतं, तर तुम्ही आज मत मागायला कुणाच्या दारी आला असता?

सुकदेव खाली बघत होता. त्याने मत बदललं की नाही मला माहीत नाही. तो अजूनही मला भेटला की सांगतो, आबा, मत तुम्हालाच दिलं होतं.

निकाल लागला. नवापुरा निम्म्याहून जास्त माझ्याविरुद्ध गेला असावा, पण नुसत्या तेवढ्याने मी पडलो नसतो. आपल्या गल्लीतलीही आठ-दहा मतं फुटली. संध्याकाळी मी कोण फुटलं असेल याचा अंदाज बांधत ओसरीवर बसलो होतो. तुझी आई निवडायला घेतलेल्या ज्वारीचं सूप घेऊन बाहेर आली. तिच्या आजोळचं गावातलं घर तिच्या नावावर आहे, त्यामुळे तिला मत आहे हे मी विसरलोच होतो. म्हणाली, “दुसऱ्यांची नावं कशाला घेता? मी मास्तरांना दिलं.” आणि ज्वारी पाखडत बसली. प्रमिला, तीस वर्षांच्या संसारात मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतका रागही.

मला वाटलं होतं की आता नवापुऱ्यातून माझी टवाळी होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईबाई दारात उभी. पायरीखालीच उभी होती. तुझ्या आईने हात धरून तिला वर आणलं. म्हणाली, “आबा, पडनात म्हनीसन घरमा बठू नका. नळ कोठे बठाडाना, ते सांगाले चला. गावना पानीना उतार तुम्हालेच ठाऊक शे.” खरंच होतं ते. टाकीपासूनच्या सगळ्या नळ्या माझ्या देखरेखीखाली पुरल्या गेल्या, मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी टोपी घातली आणि निघालो. झोपड्यांमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. जागा दाखवली, उतार समजावला, जिनाच्या कोपऱ्यावरून नळी आणली तर दाब पुरेल म्हणून सांगितलं. ती सगळं नीट ऐकत होती, मध्ये मध्ये विचारतही होती.

परतताना आम्ही दोघंच होतो. जिनाच्या भिंतीशी ती न थांबता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “अर्ज भटूना नव्हता. माले पहिलाच दिनपाशी ठाऊक शे.” मी जागीच उभा राहिलो. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली. म्हणाली की पोरीला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. बापाबद्दल सासूच्या तोंडून ऐकणं बरं नव्हे. आणि आपल्या वाटेने निघून गेली.

म्हणून हे पत्र. ती सांगणार नाही, तेव्हा मलाच सांगायला हवं. अर्ज मी लिहिला होता, भटूला फक्त अंगठ्याऐवजी सही करायला शिकवलं. तो धुळ्याला असला तरी त्या यादीत अठरावं नाव निंबाचं होतं, तुझ्या नवऱ्याचं, आणि ते खोडलं जावं असं मला नुसतं मतांसाठी वाटत नव्हतं. तू त्या घरात गेलीस याचा राग मी त्रेचाळीस माणसांवर काढला. ताईबाईला हे कळूनही ती माझ्या दारी आली. मला तिच्या पायरीशी जायला चार वर्षं जमलं नाही. काल गेलो, तिच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाल्ली. आता तुझ्या दारी यायचं आहे. पण हे पत्र आधी निंबाला वाचून दाखव, एक अक्षर न गाळता. नाव त्याचं खोडायला निघालो होतो, तेव्हा पहिला शब्द त्याचा. तो हो म्हणाला तर कळव. तुझी आई म्हणते ती येत्या गुरुवारच्या मोटारीने निघणारच, मी असो की नसो. मी तिकीट अजून काढलेलं नाही. पत्राची वाट पाहतो.

तुझाच,
आबा